नौपाड्यातले कंपनी-कायदा सल्लागार कार्यालय: लहान भागधारकाच्या बाजूने एक परीक्षण

खासगी मर्यादित कंपनीत ज्यांचे शेअर थोडे आहेत आणि ज्यांना कारभारातून हळूहळू बाजूला सारले जात आहे, अशा भागधारकांना ठाण्यात नीट सल्ला मिळणे सोपे नाही. प्राप्तिकर आणि जीएसटी पाहणारे सीए गल्लोगल्ली आहेत, दिवाणी आणि फौजदारी वकीलही भरपूर आहेत. पण बहुमतवाल्या भागधारकांशी वाद झाल्यावर कंपनी कायद्याचे नेमके कोणते कलम आपल्या कामाचे आहे आणि कोणते मुळीच नाही, हे सांगणारी माणसे मोजकीच आहेत. आमच्या कुटुंबाने नौपाड्यातल्या ज्या कार्यालयाकडे असे काम दिले आणि जे काम अजून चालू आहे, त्या सेवेचे हे परीक्षण आहे. कार्यालयाचे नाव मी जाणूनबुजून देत नाही. वाद न्यायाधिकरणापुढे आहे, दोन्ही बाजू ठाणे आणि नवी मुंबईतल्याच आहेत, आणि सल्लागार ओळखला गेला की कंपनी ओळखायला वेळ लागणार नाही. कार्यालयात कंपनी कायद्याची वकिली करणाऱ्या एक बाई, एक स्वतंत्र व्यवसाय करणारे कंपनी सेक्रेटरी (कंपन्यांच्या कायदेशीर कागदपत्रांचे व्यावसायिक तज्ज्ञ) आणि दोन कनिष्ठ सहकारी आहेत, इतके सांगितले तरी पुरे.

आमची बाजू थोडक्यात अशी. रबाळे एमआयडीसीतली ही कंपनी माझ्या वडिलांनी आणि दोन काकांनी मिळून काढली. सीएनसी मशीनवर वाहन उद्योगासाठी सुटे भाग करण्याचे काम आहे. वडिलांच्या पश्चात त्यांचे शेअर आईच्या नावावर झाले. एकूण १०,००० शेअरपैकी १,८००, म्हणजे १८ टक्के. पुढे लाभांश बंद झाला, सभांच्या नोटिसा येईनाशा झाल्या आणि एका लग्नात कुणीतरी बोलता बोलता 'भांडवल वाढवले' असे सांगून गेले. चौकशी केली तेव्हा कळले की १०० रुपये दर्शनी किमतीचे आणखी १०,००० शेअर काढले गेले असून ते सगळे काकांच्या घरात गेले आहेत. आईचे शेअर होते तितकेच राहिले, पण हिस्सा १८ वरून ९ टक्क्यांवर आला.

या कार्यालयाकडे जाण्याआधी आम्ही दुसऱ्या दोन ठिकाणी विचारले होते. एका वकिलांनी ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात मनाई हुकुमाचा दावा लावू, सोबत पोलिसांत तक्रारही देऊ, असे सुचवले. आमच्या जुन्या सीएंनी 'घरातली भांडणे घरात मिटवा' असे म्हणून विषय संपवला. नौपाड्यातल्या कार्यालयात पहिल्या बैठकीत सर्वप्रथम सांगितले गेले ते हे, की कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४३० नुसार जे विषय राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या, म्हणजे एनसीएलटीच्या, अखत्यारीत येतात त्यांत दिवाणी न्यायालयाला हात घालता येत नाही. ठाण्यात दावा लावला असता तर काही वर्षांनी तो अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर परत आला असता, आणि तोपर्यंत मुदतीचा प्रश्न उभा राहिला असता. एवढ्या एका वाक्यात पहिल्या बैठकीची फी वसूल झाली, असे मी मानतो.

त्या बैठकीचा पुढचा तासभर मात्र निराश करणारा होता, आणि माझ्या मते हाच या सेवेचा सर्वांत मोठा गुण आहे. आम्ही तक्रारींची यादी घेऊन गेलो होतो. वकीलबाईंनी ती एकेक करून वाचली आणि जवळपास निम्म्या तक्रारींवर पेन्सिलीने काट मारली. लाभांश दिला नाही, ही तक्रार एकटी टिकत नाही, कारण लाभांशाची शिफारस करणे हे संचालक मंडळाचे काम आहे आणि नफा झाला म्हणून तो वाटलाच पाहिजे असा हक्क भागधारकाला नसतो. चुलत भावाचा पगार भरमसाट वाढवला, हीही नाही, कारण कलम १९७ मधील मानधनाची मर्यादा सार्वजनिक कंपन्यांना लागू आहे, खासगी कंपनीला नाही. आईला संचालक केले नाही, ही तर मुळीच नाही. आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत, तशी तरतूद नसेल तर १८ काय, ४० टक्केवाल्यालाही संचालकपद हक्काने मागता येत नाही. आणि विशेष ठराव अडवायचा तर विरोधात २५ टक्क्यांहून अधिक मते लागतात. आमच्या हाती १८ टक्के होते तेव्हाही तो अधिकार आमच्याकडे नव्हताच.

आई हे सगळे ऐकून गप्प झाली आणि मग तिने विचारले, "मग मॅडम, आमच्या बाजूने काहीच नाही का?" त्यावर त्यांनी यादीतल्या उरलेल्या दोन ओळींभोवती गोल केला. एक, नवे शेअर देताना आपल्याला विचारले का. दोन, ज्या सभेत भांडवल वाढवले त्या सभेची नोटीस मिळाली का. बाकी सगळे या दोहोंच्या आधाराने उभे राहील, एरवी पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. अन्याय झाला असे वाटणे आणि कलम २४१ खाली दडपशाही किंवा गैरव्यवस्थापन सिद्ध करणे यांत किती अंतर आहे, हे ज्या सल्लागाराला पहिल्या दिवशी सांगता येत नाही, तो पुढे महागात पडतो.

यानंतर काम कंपनी सेक्रेटरींकडे गेले. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून कोणत्याही कंपनीने दाखल केलेली सार्वजनिक कागदपत्रे पाहता येतात. भागधारक असण्याचीही गरज नाही. हे काम कुणीही घरबसल्या करू शकतो, आणि त्यांनी ते तसे मोकळेपणाने सांगितलेही. त्यांच्या सेवेचे मोल कागद मिळवण्यात नसून तो वाचण्यात आहे. त्यांनी सर्वांत आधी वार्षिक विवरणपत्रे आणि ताळेबंद वेळेवर दाखल झाले आहेत का, ते पाहिले. मला कारण कळेना. कारण असे की केंद्र सरकारने जून २०१५ च्या अधिसूचनेने खासगी कंपन्यांना बऱ्याच कलमांतून सूट दिलेली आहे. संबंधित व्यक्तीशी होणाऱ्या व्यवहारावर त्या व्यक्तीने सभासद म्हणून मत देऊ नये, हा नियम त्यांना लागू नाही. कंपनीची मालमत्ता विकण्यासाठी कलम १८० खाली लागणारा विशेष ठरावही लागू नाही. पण २०१७ च्या दुरुस्तीनंतर ही सूट फक्त ज्या कंपन्यांनी ताळेबंद आणि विवरणपत्रे दाखल करण्यात कसूर केलेली नाही त्यांनाच मिळते. आमच्या काकांचा हिशेब चोख, सगळी कागदपत्रे मुदतीत. म्हणजे ही सूट त्यांना होती, आणि एमआयडीसीच्या भूखंडाचे हस्तांतर संचालक मंडळ आम्हाला न विचारता ठरवू शकत होते. ही वाईट बातमी वेळेत कळली म्हणूनच पुढे अंतरिम आदेशाची घाई करता आली.

शेअरवाटपाचे विवरणपत्र, म्हणजे पीएएस-३, उघडल्यावर मात्र आमच्या बाजूचा पहिला ठोस कागद मिळाला. त्यात वाटपाची तारीख, कुणाला किती शेअर आणि कोणत्या दराने हे सगळे लिहिलेले असते, आणि सोबत मंडळाच्या ठरावाची प्रत जोडलेली असते. ठरावात लिहिले होते की हे शेअर सर्व विद्यमान भागधारकांना हक्काने देऊ केले होते आणि 'ज्यांनी स्वीकारले नाहीत' त्यांचे इतरांना दिले. कलम ६२ सांगते की असा देकार रजिस्टर्ड पोस्ट, स्पीड पोस्ट, कुरियर किंवा ईमेल अशा पोच मिळणाऱ्या मार्गाने, विक्री उघडण्याच्या किमान तीन दिवस आधी, प्रत्येक भागधारकाला पाठवला पाहिजे. सेक्रेटरींनी ठरावाच्या कागदावर बोट ठेवून विचारले, "पोचपावती कुठे आहे, हे त्यांना दाखवावे लागेल. तुम्हाला पत्र आले नाही हे तुम्ही सिद्ध करत बसायचे नाही. पाठवले हे त्यांनी सिद्ध करायचे." दर पाहिला तर १०० रुपयांनाच शेअर दिलेले. जागा, यंत्रे आणि साठलेला नफा धरता त्या शेअरची खरी किंमत त्याच्या कितीतरी पट होती, हे ताळेबंद वाचता येणाऱ्या कुणालाही दिसले असते.

आता आमच्या मनातली सर्वांत मोठी भीती. कलम २४४ प्रमाणे दडपशाहीविरुद्ध अर्ज करण्यासाठी निर्गमित भांडवलाच्या, म्हणजे कंपनीने काढलेल्या एकूण शेअरांच्या, एक-दशांश शेअर लागतात, हे आम्ही आधीच वाचले होते, आणि आई आता ९ टक्क्यांवर होती. काकांनी नेमके एवढ्यासाठीच शेअर दुप्पट केले असावेत, असा आमचा समज झाला होता. वकीलबाईंनी कलमाचा पूर्ण मजकूर वाचायला लावला. भांडवल असलेल्या कंपनीत शंभर सभासद किंवा एकूण सभासदांपैकी एक-दशांश, यांतील जी संख्या कमी असेल तेवढे सभासद, किंवा एक-दशांश भांडवल धारण करणारा सभासद, असे दोन पर्यायी रस्ते तिथे आहेत. आमच्या कंपनीत सभासद सात. सातचा एक-दशांश म्हणजे पूर्ण एकसुद्धा होत नाही. तेव्हा एकटी आई, तिचे शेअर कितीही असोत, अर्ज करू शकते. दहापर्यंत सभासद असलेल्या कोणत्याही कंपनीत हेच गणित लागू पडते. मोठ्या कंपनीत हा रस्ता बंद असला तरी अट शिथिल करण्याचा अर्ज करता येतो, आणि हिस्सा ज्या वाटपामुळे घटला त्यालाच आव्हान असेल तर आधीचा हिस्सा लक्षात घ्यावा असाही युक्तिवाद करता येतो, हेही त्यांनी सांगितले. पण आम्हाला त्याची गरज पडली नाही. गुगलवर अर्धवट वाचून हक्क सोडून देणारे कितीतरी लोक असतील, असे त्या दिवशी वाटून गेले.

पुढची पायरी होती कंपनीची पुस्तके पाहण्याची. कलम ११९ नुसार सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते सभासदाला कामकाजाच्या वेळेत विनाशुल्क पाहता येतात, आर्टिकल्सनी काहीही निर्बंध घातले तरी रोज किमान दोन तास त्यासाठी उपलब्ध ठेवावेच लागतात, आणि मागितलेली प्रत ठरावीक शुल्क घेऊन सात कामकाजी दिवसांत द्यावी लागते. संचालक मंडळाच्या इतिवृत्तांना हा नियम नाही. ती सभासदाला पाहता येत नाहीत. कार्यालयाने आईच्या सहीने जे पत्र पाठवले त्यात कायद्याची धमकी नव्हती, संतापाचा एक शब्द नव्हता. फक्त तारीख, वेळ, कलम आणि कोणती पुस्तके हवीत एवढेच होते. रबाळ्याच्या कारखान्यात कार्यालयाचा कनिष्ठ सहकारी आईसोबत गेला. सुरुवातीला 'साहेब बाहेर गेलेत, चावी त्यांच्याकडे आहे' असे झाले; त्याने तिथेच बसून नकाराची लेखी नोंद मागितली, आणि नकार दिल्यास कंपनीला आणि कसूरदार अधिकाऱ्याला दंड होतो हे शांतपणे सांगितले. चावी सापडली. भांडवल वाढवण्याच्या विशेष सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात आईचे नाव हजर सभासदांत होते. त्या तारखेला आई कौसा-मुंब्र्याच्या बाजूला माझ्या बहिणीच्या बाळंतपणासाठी रुग्णालयात होती, आणि रुग्णालयाच्या बिलावर, औषधांच्या पावत्यांवर तिची सही आहे. सहकाऱ्याने त्या पानाच्या प्रतीचा अर्ज तिथल्या तिथे दिला.

एवढे हाती आल्यावर आम्हाला कलम १०० खाली विशेष सभा बोलावून सगळ्यांसमोर जाब विचारायचा होता. एक-दशांश मतदान भांडवल असलेले सभासद अशी मागणी करू शकतात, संचालकांनी २१ दिवसांत ती बोलावण्याची कारवाई करून ४५ दिवसांच्या आत सभा घ्यायची असते, नाही घेतली तर मागणी करणारे स्वतः तीन महिन्यांत सभा घेऊ शकतात. कार्यालयाने यापासून आम्हाला परावृत्त केले. येथे भांडवलाचीच अट आहे, सभासद-संख्येचा पर्याय नाही. शिवाय सभेत ९१ टक्के मते त्यांची. जाब विचारायचे समाधान मिळेल आणि समोरच्याला तयारीला दोन महिने मिळतील, हा त्यांचा हिशेब होता. मला तेव्हा तो फार बचावात्मक वाटला. नंतर जे घडले ते पाहता योग्य वाटतो.

निकालांच्या बाबतीत हे कार्यालय खोटी आशा दाखवत नाही. डेल अँड कॅरिंग्टन विरुद्ध पी. के. प्रतापन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नियंत्रण मिळवण्यासाठी संचालकाने स्वतःलाच दिलेले शेअर रद्दबातल ठरवले, हा निकाल आमच्या बाजूचा म्हणून त्यांनी दाखवला. पण लगेच १९८१ चा नीडल इंडस्ट्रीजचा निकालही समोर ठेवला. तिथेही हक्काच्या शेअरचे पत्र एका गटाला उशिरा पोचले होते; तरीही सर्वोच्च न्यायालयाने दडपशाही मानली नाही, कारण शेअर काढण्यामागे कंपनीची खरी गरज होती. मात्र न्यायाच्या भूमिकेतून ज्यांना ते शेअर मिळाले नाहीत त्यांना किमतीतला फरक भरून द्यायला लावला. म्हणजे आमच्या बाबतीत काकांनी 'नवे मशीन घ्यायला पैसे हवे होते' असे कागदोपत्री दाखवले, तर शेअर परत न मिळता पैसे मिळण्याची शक्यता धरून चालावे, असे त्यांनी सांगितले. टाटा सन्सच्या वादाचा उल्लेखही झाला. त्या कंपनीत शापूरजी पालनजी गटाकडे सुमारे १८ टक्के इक्विटी होती, ऑक्टोबर २०१६ मध्ये याच गटाचे सायरस मिस्त्री अध्यक्षपदावरून गेले, २०१८ मध्ये एनसीएलटीच्या मुंबई पीठाने त्यांच्या बाजूचा अर्ज फेटाळला, २०१९ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो मान्य केला आणि २६ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. एखाद्याला पदावरून काढले म्हणजे दडपशाही झाली असे नाही, आणि अल्पमतातल्या भागधारकाला संचालक मंडळात प्रमाणशीर जागा मिळण्याचा वैधानिक हक्क नाही, हे त्या निकालाने पक्के केले. आमचाही हिस्सा मूळचा १८ टक्के, हा योगायोग आईला गमतीचा वाटला, पण तेवढ्यापुरताच.

अर्ज तयार करण्याचे काम कार्यालयाने बारकाईने केले. मसुद्यातल्या प्रत्येक परिच्छेदाला जोडपत्राचा क्रमांक होता, 'फसवणूक' हा शब्द कुठेही सैल वापरलेला नव्हता, आणि मागणीचा भाग दोन टप्प्यांत होता. आधी वाटप रद्द करा. ते शक्य नसेल तर कलम २४२ खाली आमचे शेअर वाटपापूर्वीच्या हिश्श्याप्रमाणे योग्य मूल्यांकनाने बहुमतवाल्यांनी विकत घ्यावेत. न्यायाधिकरणाचे अधिकार इथे फार विस्तृत आहेत. कारभार कसा चालावा याचा आदेश, शेअर खरेदीचा आदेश, व्यवस्थापकीय संचालक हटवणे, करार रद्द करणे, गैरलाभ वसूल करणे, सगळे त्यात येते. आईने एकदाच मान हलवली, ती या दुसऱ्या मागणीवर. तिला कंपनी नको होती. हिशेब हवा होता.

एनसीएलटीचे मुंबई पीठ कफ परेडला एमटीएनएलच्या इमारतीत आहे, आणि ठाणेकरासाठी तो अख्ख्या दिवसाचा कार्यक्रम ठरतो. सीएसएमटीपर्यंत लोकल आणि तिथून आता मेट्रो ३ थेट कफ परेडपर्यंत जाते, एवढाच काय तो दिलासा. पक्षकाराने प्रत्येक तारखेला यायची गरज नसते, हे कार्यालयाने आधीच सांगितले होते. आम्ही तरी अंतरिम मागणीच्या दिवशी गेलो. त्या दिवशी शेअरधारणा आणि रबाळ्याच्या भूखंडाबाबत जैसे थे स्थिती ठेवण्याचा आदेश झाला. युक्तिवाद फार तर दहा मिनिटांचा होता, आणि त्यातली बहुतेक मिनिटे हजेरीच्या त्या पानावर आणि रुग्णालयाच्या बिलावर गेली.

आता उणिवा, आणि त्या किरकोळ नाहीत. पहिली बाब फीची. सल्ला, पत्र, पुस्तकांची तपासणी आणि अर्जाचा मसुदा यांची रक्कम कार्यालयाने लेखी आणि आधी दिली. ती मला वाजवी वाटली. पण न्यायाधिकरणापुढे युक्तिवादासाठी मुंबईचे ज्येष्ठ वकील लावावे लागतील आणि त्यांची फी प्रत्येक तारखेला वेगळी असेल, हे मसुदा तयार झाल्यानंतर कळले. तारीख नुसती पुढे ढकलली गेली तरी त्या फीचा काही भाग लागतोच. लहान भागधारकाची बाजू कमकुवत होते ती इथेच, कारण समोरचा बहुमतवाला गट स्वतःचा वकील बहुतेक वेळा कंपनीच्या खर्चाने उभा करतो, म्हणजे एका अर्थी आमच्याच ९ टक्क्यांतून. हे सगळे पहिल्या बैठकीत आकड्यांसह सांगायला हवे होते. मोठ्या वकिलांशिवाय पर्यायही आहे, कारण कलम ४३२ नुसार व्यवसाय करणारे कंपनी सेक्रेटरी आणि सीएदेखील न्यायाधिकरणापुढे बाजू मांडू शकतात. साध्या तारखांना त्यांच्याच सेक्रेटरींना पाठवा, असे आम्ही सुचवल्यावर त्यांनी मान्य केले. सुचवण्याची वेळ आमच्यावर यायला नको होती.

दुसरी बाब मूल्यांकनाची. शेअर खरेदीची मागणी केल्यावर सगळे भांडण अखेर 'किंमत किती आणि कोणत्या तारखेची' यावर येऊन थांबते. कार्यालयाकडे स्वतःचा नोंदणीकृत मूल्यांकनकार नाही आणि त्यांनी तो सुचवायला उशीर केला. काकांच्या बाजूने मात्र चर्चेच्या पहिल्याच फेरीत एक अहवाल पुढे आला, ज्यात भूखंडाची किंमत पुस्तकी दराने धरली होती. भाडेपट्ट्याच्या औद्योगिक भूखंडाचे मूल्य आणि चालू धंद्याचे मूल्य यांत किती फरक पडतो हे ज्याला कळते, असा माणूस अर्ज दाखल होण्याआधीच सोबत असायला हवा. सध्या आम्ही स्वतः शोधलेला मूल्यांकनकार काम करतो आहे.

भाषेचा मुद्दाही मांडतो. सगळी पत्रे आणि मसुदे इंग्रजीत असतात, त्याला इलाज नाही; पण ज्या बाईच्या सहीने अर्ज जातो तिला त्यातले काय कळले हे विचारणे हे कार्यालयाचेच काम होते. आम्ही मागणी केल्यावर त्यांनी प्रत्येक मसुद्यासोबत दोन पानांचा मराठी सारांश द्यायला सुरुवात केली, आणि तो इतका नेटका असतो की आता तो मला मूळ मसुद्यापेक्षा उपयोगी वाटतो. फोन मात्र वेळेवर उचलला जात नाही. ईमेलला उत्तर येते, संध्याकाळी सातनंतर.

कुणी इथे जावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. खासगी कंपनीतले थोडे शेअर असलेले भाऊ, विधवा, मुली, बाहेर पडलेले भागीदार, यांनी जावे. वडील किंवा पती गेल्यावर ज्यांची नावे अजून सभासद-नोंदवहीत चढलेली नाहीत त्यांनीही जावे. वारसाचे नाव नोंदले गेले नसले तरी तो दडपशाहीविरुद्ध अर्ज करू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये वर्ल्ड वाइड एजन्सीज प्रकरणात मान्य केलेले आहे. घरात भावाभावांत झालेला 'शेअर बाहेरच्याला विकायचे नाहीत' असा कागद ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो घेऊन जावा, पण तो आर्टिकल्समध्ये आहे का, हे आधी पाहिले जाईल. सर्वोच्च न्यायालयाच्या रंगराज प्रकरणातल्या निकालानंतर नुसत्या खासगी करारावर फार विसंबता येत नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीची तक्रार असेल तर इथे गर्दी करण्यात अर्थ नाही, त्यासाठी सेबीची स्कोअर्स ही तक्रार नोंदवण्याची व्यवस्था आहे. आणि ज्यांना कुणाला तरी धडा शिकवायचा आहे, त्यांनी दुसरा सल्लागार पाहावा; तशी भाषा कानावर पडली की बाई ऐकून घेतात आणि नंतर फाइल परत करतात, हे आम्ही शेजारच्या खुर्चीवर बसून पाहिले आहे.

जाताना शेअर प्रमाणपत्रे, आर्टिकल्सची प्रत, मिळालेल्या जुन्या नोटिसा पाकिटांसकट, आणि शेवटचा लाभांश ज्या बँक खात्यात जमा झाला त्याचा उतारा न्यावा. वाटपाला किंवा ज्या कृत्याबद्दल तक्रार आहे त्याला तीन वर्षे होत आली असतील तर वेळ मागताना ते फोनवरच सांगावे, कारण मुदतीचा कायदा न्यायाधिकरणालाही लागू आहे आणि अशा लोकांना त्या आठवड्यातली वेळ दिली जाते. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, आणि गोखले रस्त्यावर गाडी लावायला जागा शोधण्यापेक्षा स्टेशनवरून पायी जाणे बरे.